करणं वेगळं, कळणं वेगळं

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. चंद्रपूरचा उन्हाळा आणि माझे डोळे या दोघांनी मिळून मला लिहिण्यापासून दूर ठेवलं होतं. आता लिहायला कारण घडलं ते असं की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक निरोप फिरतो आहे. आधी भाच्यानं पाठवला, मग सुनेच्या माहेरून आला, मग एका जुन्या विद्यार्थ्याकडून. मजकूर थोडक्यात असा: आपल्या पूर्वजांना हजारो वर्षांपूर्वी नॅनो तंत्रज्ञान अवगत होतं, लाल काचमणी, पोलादी तलवारी आणि सुवर्णभस्म हे त्याचे पुरावे, पाश्चात्त्यांनी ते आपल्याकडून उचललं. खाली हात जोडल्याचं चित्र आणि 'अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा' अशी आज्ञा!

भाच्यानं विचारलं, "मामा, खरं आहे का हो हे?" याचं उत्तर दोन ओळींत देता येईना, म्हणून हा लेख.

माझं मत आधीच सांगून टाकतो. त्या निरोपातल्या वस्तू खऱ्या आहेत. त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. आणि ही चूक निरुपद्रवी नाही, तिची किंमत आपल्या पोरांना मोजावी लागते. कशी, ते पुढे येईल.

आता मी पडलो बी.ए., तेही मराठी माध्यमातला. मला हे बोलायचा अधिकार काय, असं कुणी विचारेल. नोकरीची पहिली वर्षं जिथे काढली (गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा झाला नव्हता, तो झाला १९८२ साली) तिथे विज्ञानाचा शिक्षक टिकत नसे. हेडमास्तर म्हणाले, "गुरुजी, तुम्ही वाचता, तुम्हीच शिकवा." तेव्हापासून विज्ञान वाचायची सवय लागली ती सुटली नाही. तज्ज्ञ नाही, वाचक आहे, एवढं धरून पुढे वाचा.

आधी मूळ गोष्ट समजून घेऊ. सोनं पिवळं असतं हे सगळ्यांना ठाऊक. पण सोनं घातलेली काच लाल होते! माणकासारखी लाल. यासाठी सोनं लागतं अगदी थोडं. काचेच्या दहा हजार भागांत एक भाग किंवा त्याहूनही कमी. काच चौदाशे अंशांच्या घरात वितळवायची, त्यात हे सोनं विरघळवायचं आणि ओतून थंड करायची. हातात काय येतं? जवळजवळ रंगहीन काच. सोनं आत आहे, पण त्याचे अणू सुटे सुटे, एकमेकांपासून दूर अडकून पडलेले. खरी गंमत यानंतर. तीच काच पुन्हा तापवायची, पण वितळेपर्यंत नाही. साधारण पाचशे ते सातशे अंशांच्या मध्ये. तेवढ्या उष्णतेत काच आतून जरा सैल होते. अडकलेले अणू सरकू लागतात, एकमेकांना भेटतात, त्यांचे पुंजके जमतात आणि पाहता पाहता काचेला लाल रंग चढतो.

हे पुंजके मोजायचे नॅनोमीटरमध्ये. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. पुंजका फारच लहान राहिला तर रंग दिसत नाही. नेमका जमला तर माणिक. आच जास्त झाली, कण फार वाढले, की काच गढूळ आणि तपकिरी होते, सगळं सोनं वाया. म्हणजे किती अंशांवर आणि किती वेळ, यावर सगळा खेळ. आपल्या घरी पाक करताना नाही का, एकतारी कधी झाला आणि कधी पुढे गेला हे क्षणाक्षणाला बघावं लागतं, तसंच.

सगळ्याच रंगीत काचेत असं होत नाही, हेही सांगायला हवं. कोबाल्टची निळी काच किंवा आपल्या बायकांच्या हातातल्या हिरव्या बांगड्या यांचा रंग चहात साखर विरघळावी तसा काचेत विरघळलेला असतो. त्याला दुसऱ्या आचेची गरज नाही. सोनं, चांदी, तांबं यांची गोष्ट निराळी. तिथे रंग येतो तो धातूच्या कणांमुळे, आणि कण तयार होतात ते दुसऱ्या आचेत.

पण सोन्याचा कण लाल का दिसतो? झोपाळ्याचा जसा स्वतःचा एक ठेका असतो आणि त्या ठेक्यात धक्का दिला तरच तो उंच जातो, तसं एवढ्याशा कणातले इलेक्ट्रॉन उजेडाच्या ठेक्यावर एकत्र झुलतात. सोन्याच्या कणांचा ठेका हिरव्या उजेडाशी जुळतो. तो उजेड ते गिळून टाकतात आणि उरलेला लाल आपल्यापर्यंत पोचतो. चांदीच्या कणांचा ठेका जांभळ्या-निळ्या उजेडाशी जुळतो, म्हणून चांदीची काच पिवळी दिसते. तांब्याची पुन्हा लाल.

आता इतिहासाकडे येऊ, कारण निरोपाचं सगळं भांडण इतिहासाचं आहे.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातला एक रोमन चषक आहे, लायकर्गस चषक म्हणतात त्याला. बाहेरून उजेड पडला तर तो हिरवा दिसतो, आत दिवा ठेवला तर लाल. त्या काचेत सोन्याचांदीचे सूक्ष्म कण आहेत. म्हणजे 'पूर्वजांना नॅनो माहीत होतं' असं म्हणायचंच ठरवलं तर रोमन लोकही रांगेत उभे आहेत. पुढे सतराव्या शतकात जर्मनीतल्या पॉट्सडॅमला योहान कुंकेल नावाच्या माणसानं सोन्याच्या लाल काचेची भांडी करून नाव कमावलं. त्याला कृती पक्की ठाऊक होती. पण रंग का येतो हे त्याला सांगता आलं नसतं, कारण तेव्हा जगात कुणालाच ते सांगता येत नव्हतं.

कारणाचा माग लागला तो खूप नंतर. १८५७ साली मायकेल फॅरडेनं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सोन्याच्या लाल द्रवावरचे आपले प्रयोग मांडले आणि हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा आहे असं सांगितलं. ते कण त्याला दिसत नव्हते. तर्कानं आणि प्रयोगानं तो तिथवर पोचला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिचर्ड झिगमोंडी यांनी हीच लाल काच अभ्यासली. ते येना गावच्या शॉट काच कारखान्यात काम केलेले. त्यांनी आणि सीडेनटॉफ यांनी मिळून असा सूक्ष्मदर्शक बनवला की ते कण उजेडाच्या ठिपक्यांसारखे दिसू लागले. झिगमोंडींना १९२५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि १९०८ साली गुस्ताव मी यांनी एवढ्या आकाराचा कण कोणता उजेड किती गिळेल याचं गणितच मांडून दिलं.

रोमन चषकापासून मी यांच्या गणितापर्यंत दीड हजार वर्षं गेली. करता येणं आणि कळणं यांच्यामधलं अंतर एवढं मोठं असू शकतं.

आता आपल्याकडचं. महाराष्ट्रात नेवासे, तेर अशा ठिकाणच्या उत्खननांत प्राचीन काचमणी सापडले. आपल्याच मराठी माणसानं, मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी, भारतीय काचेचा इतिहास लिहिला. मुंबई विद्यापीठानं तो १९६९ साली इंग्रजीत प्रसिद्ध केला. भारतात होणारे आणि समुद्रापार जाणारे अपारदर्शक लाल मणी प्रसिद्ध होते. त्यांचा लाल रंग तांब्याचा. तांब्याच्या धातूचे किंवा त्याच्या लाल ऑक्साइडचे बारीक कण. ते साधायला भट्टीत हवा कमी ठेवावी लागते. हवा जास्त झाली तर तेच तांबं काचेला निळसर-हिरवं करून टाकतं. ज्या कारागिरानं हे हजारो मण्यांमध्ये एकसारखं साधलं त्याच्यापुढे मी मनापासून हात जोडतो.

पोलादाचंही तसंच. गोदावरीपलीकडे तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांत मुशीत पोलाद करत, त्याला वूट्झ म्हणतात. दक्षिण भारतातल्या अशा पोलादापासून दमास्कसच्या नावाच्या तलवारी घडत. २००६ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संशोधकांनी सतराव्या शतकातल्या अशा एका तलवारीत कार्बनच्या सूक्ष्म नळ्या सापडल्याचं जाहीर केलं. वस्तू खरीच आहे. सुवर्णभस्मातही सोन्याचे सूक्ष्म कण आढळल्याचे निबंध आहेत.

मग 'पूर्वजांना माहीत होतं' म्हणायला हरकत काय?

हरकत ही. कारण कळलं आहे की नाही हे ओळखायची एक सोपी कसोटी आहे. ज्याला कारण कळलं त्याला न पाहिलेल्या गोष्टीबद्दलही आधीच काही सांगता येतं. मण्यांच्या कारागिराला तांब्याची कृती येत होती. पण तीच भट्टी, तेवढीच हवा ठेवून चांदी घातली तर रंग कोणता येईल, हे त्याला करून पाहिल्याशिवाय सांगता आलं नसतं. मी यांच्या गणिताला ते कागदावर सांगता येतं. कृती एका वस्तूला बांधलेली असते. कारण हातात आलं की ते एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर जाऊ शकतं. आणि कृती माणसाबरोबर मरते. बाप मुलाला सांगायचं राहून गेला की संपली. कारण एकदा लिहून ठेवलं की कुणीही कुठेही पुन्हा उभं करू शकतो.

याचं फार चांगलं उदाहरण आहे, १९५३ सालचं. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी नावाचे रसायनशास्त्रज्ञ चांदी घातलेल्या एका काचेवर काम करत होते. त्या काचेवर अतिनील किरण पाडायचे आणि मग ती तापवायची, म्हणजे किरण पडले तिथे चांदीचे कण जमतात. भट्टी सहाशे अंशांवर ठेवायची होती. तिचा नियंत्रक बिघडला आणि ती नऊशेवर गेली. काच वितळून भट्टीच्या तळाशी थारोळं झालं असणार, असं त्यांना वाटलं. उघडून पाहतात तर पट्टी जशीच्या तशी, फक्त पांढरी झालेली. चिमट्यातून निसटून ती फरशीवर पडली आणि फुटली नाही!

काय झालं होतं? मी माझ्या मास्तरी उपमेनं सांगतो. काच म्हणजे मधल्या सुट्टीतलं शाळेचं मैदान. पोरं कशीही, कुठेही उभी. स्फटिक म्हणजे प्रार्थनेच्या वेळची रांग. सुट्टीतल्या गर्दीची एकदम रांग होत नाही. आधी चारदोन मॉनिटर जागेवर उभे राहावे लागतात, त्यांच्यामागे पोरं लागत जातात. त्या काचेत चांदीचे कण मॉनिटर झाले. त्यांच्याभोवती काचेतलं लिथियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन रांगेत लागले आणि काचेच्या पोटात असंख्य बारीक स्फटिक तयार झाले. खडीसाखरेला जसा दोरा लागतो तसा इथे चांदीचा कण लागला. या नव्या पदार्थाला ग्लास-सिरॅमिक म्हणतात. ना धड काच, ना धड चिनीमाती, आणि कित्येक बाबतींत दोन्हींपेक्षा चिवट.

लोक म्हणतील, हा तर अपघात! अपघात खराच. पण असा अपघात त्यापूर्वी किती भट्ट्यांमध्ये झाला असेल? तिथे ती पट्टी 'बिघडली' म्हणून फेकून दिली गेली असणार. स्टूकींना कणांचं आणि स्फटिकांचं कारण ठाऊक होतं, म्हणून बिघडलेल्या पट्टीत त्यांना नवा पदार्थ दिसला. आणि कारण ठाऊक असल्यामुळेच पुढे चांदीच्या जागी टायटॅनियम ऑक्साइड वापरून स्वयंपाकाची भांडी निघाली.

आणखी जवळचं सांगू? हल्ली दातांवर बसवतात त्या कॅपांचा एक प्रकार लिथियमच्या ग्लास-सिरॅमिकचाच असतो. माझ्या उजव्या दाढेवर तशीच एक आहे. तिथे रांग लावायचं काम चांदीऐवजी फॉस्फरस करतो. यंत्र ती कॅप एका निळसर-जांभळ्या ठोकळ्यातून कोरून काढतं, कारण तेव्हा तो ठोकळा मऊ असतो. मग कॅप साडेआठशे अंशांच्या जवळपास तापवतात, की ती दातासारखी पांढरी आणि कडक होते. डॉक्टरांनी जांभळी कॅप दाखवली तेव्हा आमच्या घरून विचारणा झाली, "आता या वयात जांभळे दात लावून फिरणार का?" असो!

मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही ग्लास-सिरॅमिकवर काम झालेलं आहे, तेव्हा हे काही साता समुद्रापलीकडचं ज्ञान नव्हे. आणि २०२३ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यातल्या अलेक्सेई एकिमोव यांनी सोव्हिएत रशियात केलं ते काय होतं? काचेत कॉपर क्लोराइड घालून ती पाचशे ते सातशे अंशांवर, कधी तासभर, कधी चार दिवस तापवली, आणि कणाच्या आकाराप्रमाणे रंग कसा बदलतो ते मोजलं. काच, आच आणि वेळ. मण्यांच्या कारागिराचं सामान तेच. फरक मोजण्यात आणि विचारण्यात.

इथवर वाचून माझ्या भाच्याला वाटेल की मामा पाश्चात्त्यांच्या बाजूनं बोलतो आहे. तसं नाही. दुसऱ्या बाजूवरही माझा तितकाच राग आहे. कारागिराला काहीच कळत नव्हतं, तो अडाणी, सगळं ज्ञान प्रयोगशाळेत जन्मलं, असं मानणारी शिकलेली मंडळी आहेत. माझ्या पेशात तर भरपूर. त्यांच्यासाठी भद्रावतीची गोष्ट.

भद्रावती आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात. लोक तिला ओळखतात जैन मंदिर आणि विजासनच्या लेण्यांसाठी. पण तिथे मातीकामाचीही मोठी परंपरा आहे. कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५०च्या दशकात तिथे ग्रामोदय संघ उभा केला, कुंभारांना प्रशिक्षण देणारी संस्था. शिकलेला माणूस कुंभाराच्या चाकाशी जाऊन बसला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्या भागातल्या एका म्हाताऱ्या कुंभाराला मी एकदा विचारलं होतं, "भट्टी झाली हे तुम्हाला कसं कळतं?" तो म्हणाला, "गुरुजी, आग सांगते जी. भट्टीले घाई चालत नाई." त्यानं भोकातून आत पाहिलं, धगीचा रंग पाहिला आणि जळण ओढून घेतलं. त्याच्याकडे तापमापक नव्हता. धगीच्या रंगावरून तापमान ओळखणं हे पक्कं विज्ञान आहे. पोलादाच्या कारखान्यातही उजेडावरूनच तापमान मोजणारी उपकरणं असतात. त्याचा डोळा हेच उपकरण होतं. त्याला अडाणी म्हणणारा स्वतःच आंधळा.

आता ती किंमत, जिचा उल्लेख मी सुरुवातीला केला.

१९९० नंतरची गोष्ट. मी तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शाळेत होतो. नववीत एक कुंभाराचा मुलगा होता. माझ्याकडे त्याची मराठी होती. 'माझ्या घरचा व्यवसाय' या विषयावर त्यानं निबंध लिहिला. शुद्धलेखनाचा आनंदच होता, पण मजकूर असा की मी तो शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवला. त्यानं लिहिलं होतं: आधी आग मंद ठेवायची, मातीतलं पाणी निघालं नाही तर मडकं फुटतं. धूर काळा असेल तर हवा कमी पडते आहे. शेवटी भट्टीची तोंडं लिंपून हवा कोंडली तर मडकी काळी निघतात, मोकळी ठेवली तर लाल. एकाच मातीची दोन रंगांची मडकी, फक्त हवेच्या फरकानं.

याच मुलाला सहामाहीत विज्ञानाच्या पेपरात प्रश्न होता: 'क्षपण म्हणजे काय?' त्यानं जागा कोरी सोडली. ज्या पोरानं आपल्या हातानं शंभर वेळा क्षपण केलं होतं तो क्षपणात नापास! हवा कोंडल्यावर मातीतल्या लोखंडाच्या ऑक्साइडचं जे होतं तेच क्षपण, हे त्याला कुणी सांगितलं नाही. आणि त्याच्या बापाच्या भट्टीत क्षपण चालतं, हे पुस्तकाला माहीत नव्हतं. नववीनंतर त्यानं शाळा सोडली.

हाच तो लाल मण्यांचा कारागीर, मंडळी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला आपण 'नॅनो शास्त्रज्ञ' म्हणून डोक्यावर घेतो, आणि त्याचा आजचा भाऊबंद वर्गात मागच्या बाकावर बसला तर त्याला शून्य देतो. पूर्वजांचा अभिमान फुकट मिळतो, म्हणून तो पुढे पाठवता येतो. जिवंत कुंभाराचा अभिमान बाळगायचा तर त्याच्या मुलाला शिकवावं लागतं, त्याच्या मडक्याला भाव द्यावा लागतो.

आणि 'आपल्याला सगळं आधीच माहीत होतं' हे वाक्य पोरांच्या कानावर सतत पडलं तर ती विचारणं सोडतात. जे आधीच कळलेलं आहे ते पुन्हा कशाला शोधायचं? फॅरडेनं 'मला हे कळत नाही' या जागेवरून सुरुवात केली होती. ती जागाच आपण पोरांकडून काढून घेतो आहोत.

करणं आणि कळणं एकत्र आणण्याचे प्रयत्न आपल्या महाराष्ट्रात झालेले आहेत. गुस्ताव मी यांनी गणित मांडलं त्याच १९०८ साली तळेगाव दाभाड्याला पैसा फंड काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा केला, लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलं, आणि जपान-अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी कारखाना उभारला. तिथे नुसती काच होत नव्हती, माणसं शिकत होती, आणि शिकलेली माणसं पुढे देशातल्या इतर काच कारखान्यांत पसरली. त्या लोकांनाही देशाचा अभिमान होता, आपल्यापेक्षा जास्तच असेल. पण तो त्यांनी असा खर्च केला: पैसा गोळा केला, माणूस शिकून आला, भट्टी पेटवली.

आमच्या जिल्ह्यात आगीची कमी नाही. घुग्घुस, बल्लारपूर, माजरीचा कोळसा; दुर्गापूरचं २९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र; सिमेंटच्या भट्ट्या; गडचिरोलीत सुरजागडचं लोखंड. वीज राज्याला जाते, राख आमच्याकडे राहते. त्या राखेत सिलिका आणि ॲल्युमिना भरपूर असतं, आणि अशा राखेपासून ग्लास-सिरॅमिक करता येतं हे जगभरच्या प्रयोगशाळांनी दाखवलं आहे. ते परवडेल का, हा वेगळा हिशोब आहे, तो जाणकारांनी करावा. पण तो हिशोब करणारा पोरगा किंवा पोरगी याच मातीतून निघायला काय हरकत आहे? गडचिरोलीत २०११ पासून विद्यापीठ आहे, चंद्रपुरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. भद्रावतीत मातीकाम आहे. यांच्यात काही मैलांचंच अंतर आहे, पण जायची वाट अजून पडलेली नाही.

तेव्हा भाच्याला आणि नात्यातल्या सगळ्यांना माझं उत्तर असं. 'पूर्वजांना नॅनो माहीत होतं का?' नाही. त्यांना लाल मणी करता येत होते, आणि ते फार उत्तम करत होते. असा निरोप आला की दोन प्रश्न विचारा: यांना हे करता येत होतं, की याचं कारणही कळलं होतं? आणि ते करणारी माणसं आज कुठे आहेत, त्यांची मुलं काय करतात? पहिल्या प्रश्नानं इतिहास नीट कळेल. दुसऱ्यानं थोडी लाज वाटेल, आणि ती वाटलेली बरी.

जे अजून नोकरीत आहेत अशा शिक्षक मित्रांना एकच विनंती. क्षपणाचा धडा या वर्षी वर्गात सुरू करू नका. पोरांना घेऊन जवळच्या कुंभाराच्या भट्टीवर जा. एक काळं मडकं आणि एक लाल मडकं शेजारी ठेवा आणि त्या कुंभारालाच बोलू द्या. तो काय करतो ते त्यानं सांगावं, त्याचं नाव काय ते तुम्ही सांगा. आणि त्याचा मुलगा वर्गात असेल तर त्या दिवशी त्याला पहिल्या बाकावर बसवा.